गोळा परत केला का?

नेरळ स्टेशनात उतरलं की दोन रेल्वे दिसतात. एक मोठी, मुंबईहून कर्जतकडं जाणारी. दुसरी तिच्या शेजारी, लहान मुलासारखी उभी असलेली, दोन फुटी रुळांवरची माथेरानची गाडी. ही गाडी बोहरा समाजातल्या पीरभॉय घराण्यानं बांधली, हे आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला शाळेच्या आधी घरातच कळायचं. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात डोंगर पोखरून, वळणावर वळण घेत रूळ वर नेले. खर्च आला सोळा लाख रुपये. 22 मार्च 1907 रोजी गाडी सुरू झाली. आमचे आजोबा हे सगळं असं सांगायचे, जणू सोळा लाखांतले चार आणे त्यांनीही घातले होते.

लहानपणी आम्ही पोरं रुळांच्या कडेकडेनं जुम्मापट्टीपर्यंत चालत जायचो. तिथं रूळ दुपदरी होतात. चढणारी गाडी बाजूच्या रुळावर येऊन उभी राहायची, वरून उतरणारी गाडी निघून जायची, मग चढणारी पुन्हा हलायची. कधी कधी बराच वेळ उभं राहावं लागे. उतारू कंटाळायचे, खाली उतरून करवंदं घ्यायचे. मी एकदा अब्बांना विचारलं, "ही गाडी आधीच का निघून जात नाही?" अब्बा म्हणाले, "रूळ एक, गाड्या दोन. एकानं थांबायलाच पाहिजे. कोणी थांबायचं हे आधी ठरलेलं पाहिजे, एवढंच."

अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. माथेरानच्या गाडीवर नव्हे, मोठ्या रेल्वेवर, आणि तेही नेरळला नव्हे. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं देशावर, एकेरी मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात गेली. आम्ही नेरळला दादीजवळ, ते तिकडं. महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचे.

मी चौथीत असतानाची एक ईद माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. पावसाळ्यातली ईद होती. अब्बा आदल्या रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचणार होते. अम्मीनं शीरखुर्म्यासाठी दूध आटवून ठेवलं होतं. मी नवा कुर्ता घालून ओट्यावर बसलो. ईदगाहला जायची वेळ झाली. चाचा म्हणाले, चल. मी म्हणालो, अब्बा येऊ देत. शेवटी दादीनं हाताला धरून उठवलं. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, अब्बा नाहीतच. ते आले दुपारी, जोहरनंतर. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, हाताला काट्यांचे ओरखडे. काही बोलले नाहीत. अंघोळ केली, शीरखुर्मा प्यायले आणि झोपले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. ते का आले नाहीत, हे मला पुढं तीस वर्षं माहीत नव्हतं.

आता माझ्या कामाविषयी सांगतो, कारण ती ईद मला पुन्हा भेटली ती या कामामुळंच.

मुंबईत शिकून मी पुण्यात एका कंपनीत लागलो. पुण्यात नव्वदीच्या दशकापासूनच माहिती साठवणाऱ्या यंत्रणांचं, म्हणजे फाइल सिस्टीमचं काम होत आलं आहे. नातेवाईक विचारायचे, "कॉम्प्युटरमध्ये म्हणजे काय करतोस?" मी सांगायचो, फायली सांभाळतो. त्यावर एक मामू म्हणाले होते, "म्हणजे रेकॉर्ड कीपर." ते फारसं चुकीचं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या डिस्कवर माहिती एका लांबलचक चाळीसारखी ठेवलेली असते. सारख्याच आकाराच्या खोल्या, एकीला लागून एक. एक खोली साधारण 4096 अक्षरांची, म्हणजे छापील एक-दोन पानांची. कोणती खोली कोणाची, कोणत्या रिकाम्या, कोणती फाइल कोणत्या फोल्डरात, याच्या वह्या ठेवायचं काम फाइल सिस्टीम करते. हा कार्यक्रम ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. तिथं चूक झाली तर वर बसलेल्या कोणत्याही कार्यक्रमाला ती दुरुस्त करता येत नाही. पाया खचल्यावर वरच्या मजल्यावरचा माणूस काय करणार?

वह्या ठेवणारा एकच कारकून असता तर सगळं सोपं होतं. पण आजच्या यंत्रात एकाच वेळी आठ-दहा, कधी शेकडो कारकून त्याच वह्यांवर काम करतात. एकानं वही पाहिली, खोली क्रमांक पन्नास रिकामी दिसली. तो ती लिहून घेईपर्यंत दुसऱ्यानंही वही पाहिली, त्यालाही पन्नास रिकामीच दिसली. दोघांनी आपापल्या फाइलला पन्नास नंबर दिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर. कोणी खोटं लिहिलं नाही, कोणी आळस केला नाही. तरीही एका खोलीत दोन बिऱ्हाडं घुसली. या जातीच्या चुकांचं हेच वैशिष्ट्य आहे. एकेक ओळ तपासली तर प्रत्येक ओळ निर्दोष निघते. दोष असतो तो दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेत.

त्यावरचा उपाय म्हणजे लॉक. वहीला हात लावण्याआधी कुलूप आपल्याकडं घ्यायचं, काम करायचं, कुलूप परत द्यायचं. मी कॉलेजात हे शिकलो तेव्हा मला कुलूप दिसलं नाही, अब्बांचा गोळा दिसला.

एकेरी मार्गावर पूर्वी टोकनची पद्धत सगळीकडं होती. दोन स्टेशनांत एकेक लाल यंत्र. त्यात पोलादाचे गोळे. या स्टेशनमास्तरनं मागितलं आणि त्या स्टेशनमास्तरनं तारेवरून होकार दिला, तरच एक गोळा बाहेर निघणार. एकदा एक निघाला की दोन्हीकडची यंत्रं बंद. तो गोळा कुठल्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघणारच नाही. ड्रायव्हरजवळ गोळा असेल तरच त्यानं त्या रुळावर जायचं. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. गाडी न थांबता जाणार असेल तर पॉइंट्समन फलाटावर उभा राहून जुनी रिंग झेलतो आणि पुढच्या टप्प्याची रिंग ड्रायव्हरच्या हातात देतो. अब्बांच्या डाव्या दंडावर त्या रिंगेच्या माराचा कायमचा काळसर पट्टा होता.

ही पद्धत उगाच आली नाही. इंग्लंडमध्ये 1874 साली थॉर्प या ठिकाणी एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, 25 माणसं मेली. तारेनं निरोप गेला होता, पण एकाला वाटलं निरोप पक्का झालेला नाही, दुसऱ्यानं तो पक्का समजून गाडी सोडली. दोघेही आपापल्या समजुतीनं बरोबर. त्यानंतर चार वर्षांनी एडवर्ड टायर यानं असं यंत्र काढलं, की माणसाची समजूत काहीही असो, एका वेळी एकच परवाना बाहेर पडेल.

आमच्या विद्येनंही शब्द रेल्वेकडूनच घेतला. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी 1965 च्या सुमारास या प्रश्नाचं गणित मांडलं, तेव्हा त्यांनी आपल्या साधनाला नाव दिलं सेमाफोर, म्हणजे हात वर-खाली करणारा रेल्वेचा सिग्नल. त्याच्या दोन क्रिया. एक घेण्याची, एक सोडण्याची. साठ वर्षांत यंत्रं कुठल्या कुठं गेली, पण या दोन क्रिया अजून तशाच आहेत. सोडण्याची क्रिया विसरली की काय होतं, ते प्रत्येक नव्या पोराला कधी ना कधी कळतंच.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम अनेक प्रोसेसरांवर चालू लागली 1996 साली. तेव्हा लायनस टोरवाल्ड्स आणि त्यांच्या साथीदारांनी सुरुवातीला सोपा मार्ग घेतला. अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक. म्हणजे सबंध देशाला एकच गोळा. एक गाडी धावणार, बाकीच्या उभ्या. सुरक्षित, पण संथ. मग हळूहळू त्या एका गोळ्याचे हजारो गोळे करण्यात आले. प्रत्येक फोल्डरला वेगळा, प्रत्येक फाइलला वेगळा. ते मोठं लॉक पूर्णपणे काढून टाकायला 2011 साल उजाडलं. एक लॉक काढायला पंधरा वर्षं. कारण ते लॉक नकळत कोणकोणत्या चुका झाकून होतं, हे ते काढल्याशिवाय कळत नव्हतं.

या कामात आपल्याकडच्या माणसांचाही हात आहे. एखादं नाव कोणत्या फोल्डरात आहे हे शोधताना दर पावलाला लॉक घ्यावं लागू नये, म्हणून बेंगळुरूच्या आयबीएममधले दीपंकर सरमा आणि मनीष सोनी यांनी पॉल मॅकेनी यांच्याबरोबर काम केलं. वाचणाऱ्यानं अडायचं नाही, बदलणाऱ्यानं नवी प्रत करायची, आणि जुनी प्रत पाहणारा शेवटचा माणूस निघून गेल्यावरच ती जुनी प्रत नष्ट करायची. ही पद्धत 2002 साली लिनक्समध्ये आली. जुनं वेळापत्रक हातात असलेला शेवटचा उतारू घरी पोचेपर्यंत ते फाडायचं नाही, असं मी मुलांना समजावतो.

गोळे अनेक झाले की नवा रोग येतो. एकाच्या हातात फोल्डरचा गोळा, त्याला हवा खोल्यांच्या वहीचा. दुसऱ्याच्या हातात वहीचा, त्याला हवा फोल्डरचा. दोघेही आपलं सोडत नाहीत, दुसऱ्याची वाट पाहतात. कयामतपर्यंत पाहतील. याला डेडलॉक म्हणतात. याच्या उलटंही होतं. दोघेही इतके सभ्य, की लखनौच्या नवाबांसारखे "पहले आप, पहले आप" करत मागं सरकतात आणि गाडी निघून जाते. डेडलॉकवर उपाय एकच. सगळ्यांनी गोळे एकाच क्रमानं घ्यायचे. आधी फोल्डर, मग वही. नेहमी. अपवाद नाही.

फोल्डर हलवण्याचं उदाहरण तर मला फार आवडतं. 'अ' हा फोल्डर 'ब' च्या आत टाकायचा आहे. त्याच क्षणी दुसरा कोणी 'ब' ला 'अ' च्या आत टाकतो आहे. दोघेही नियमाप्रमाणे तपासतात, मी माझ्याच पोटात तर शिरत नाही ना? नाही. दोघेही पुढं जातात. आता 'अ' 'ब' मध्ये आणि 'ब' 'अ' मध्ये. दोघे एकमेकांना धरून झाडापासून तुटले. डिस्कवर आहेत, पण कोणत्याही वाटेनं त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. म्हणून लिनक्समध्ये एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलवण्याच्या कामाला अख्ख्या फाइल सिस्टीमचं एक वेगळं लॉक ठेवलं आहे. असं हलवणं एका वेळी एकच. वेग थोडा जातो, जाऊ दे.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही 2009 साली माझ्या हातून चूक झाली.

आमच्या यंत्रात रात्री एक सफाईचं काम चालायचं. वहीत पाहून बिनमालकाच्या खोल्या शोधायच्या आणि त्या रिकाम्या म्हणून नोंदवायच्या. ते काम मी लिहिलं होतं. ते आधी वहीचा गोळा घ्यायचं, मग फोल्डरचा. बाकी सगळे आधी फोल्डरचा, मग वहीचा. क्रम उलटा. बहुतेक रात्री काही व्हायचं नाही. पण दोन-तीन आठवड्यांतून एकदा कुठल्या तरी ग्राहकाचं यंत्र पहाटे उभंच राहायचं. सगळी कामं एकमेकांची वाट पाहत. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागे. ग्राहक चिडले होते. नवी आवृत्ती शुक्रवारी जाणार होती.

मी गुरुवारी दुरुस्ती केली. सफाईच्या कामानं वहीचा गोळा खाली ठेवायचा, फोल्डरचा घ्यायचा, मग वहीचा पुन्हा घ्यायचा. क्रम सरळ झाला. तपासलं, यंत्र कुठं अडलं नाही. बैठकीत माझं कौतुक झालं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? त्या मजल्यावर माझ्या नावाच्या जातीचा मी एकटाच होतो. कोणी कधी वावगं बोललं नव्हतं. तरी माझी चूक झाली तर ती माझ्या एकट्याची राहणार नाही, असं मला सतत वाटायचं. ते उगाच होतं की खरं होतं, हे आजही मला ठरवता येत नाही.

तीन महिन्यांनी एका इस्पितळाकडून तक्रार आली. एका बाईंचा तपासणीचा अहवाल उघडला, तर पहिलं पान त्यांचं आणि दुसरं पान कोणा वयस्क गृहस्थांचं. डॉक्टर जागरूक होते, वय वाचून त्यांच्या लक्षात आलं. नसतं आलं तर? तो विचार मला आजही करवत नाही. आणखी शोधलं तेव्हा अशा बऱ्याच फायली निघाल्या. बहुतेक जुन्या प्रतींवरून परत मिळाल्या. अकरा मिळाल्या नाहीत.

संशय गेला टीममधल्या एका तरुण सहकाऱ्यावर. खोल्या वाटपाचा भाग त्यानं तक्रारीच्या थोडंच आधी बदलला होता, आणि कोणत्या ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला याची नोंद यंत्रात असते. शेवटचा हात त्याचा. पोरगा सातारकडचा, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तो रात्र रात्र बसून आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचायचा. त्यात काही सापडत नव्हतं, कारण काही नव्हतंच.

शोधण्याचं काम माझ्याकडं आलं. एकोणीस दिवस लागले. या चुका पाहायला गेलं की लपतात. मध्ये कुठं काय झालं ते छापायला सांगणारी ओळ घातली, की तेवढ्या उशिरानं कारकुनांची चाल बदलते आणि चूक दिसेनाशी होते. दिवा लावला की झुरळ जावं तसं. शेवटी मी उलटा मार्ग घेतला. जिथं जिथं गोळा खाली ठेवून पुन्हा उचलला जातो, तिथं तिथं मुद्दाम दोन सेकंदांची झोप घातली. जी फट एरवी डोळ्याची पापणी लवण्याच्या हजाराव्या भागाएवढी असते, ती दाराएवढी केली. एक एक जागा करत गेलो. रात्री दोन वाजता, एका जागी चौथ्याच प्रयत्नात दोन फायलींत एकच खोली निघाली.

ती जागा माझी होती. गुरुवारची.

सफाईच्या कामानं वही पाहिली, खोली पन्नास बिनमालकाची आहे हे ध्यानात ठेवलं, आणि गोळा खाली ठेवला. त्या फटीत दुसऱ्या कोणी ती खोली रीतसर एका नव्या फाइलला दिली. सफाईवाल्यानं गोळा पुन्हा उचलला, पण वही पुन्हा पाहिली नाही. मघाशी पाहिलं तेच खरं मानून पन्नास नंबर रिकामा नोंदवला. मग ती खोली तिसऱ्याला मिळाली. दुरुस्ती दोन ओळींची होती. गोळा पुन्हा हातात आला की वही पुन्हा बघ. मघाचं खरं आता खरं असेलच असं नाही.

पहाटे मी एकटा बसून होतो. या दोन ओळी दुसऱ्या कुठल्या तरी किरकोळ बदलाबरोबर सहज घालता आल्या असत्या. चूक थांबली असती. कारण कधीच कळलं नाही असं सगळ्यांनी मानलं असतं, आणि शेवटचा हात ज्याचा होता त्याच्यावरचा संशय तसाच राहिला असता. मी यंत्र बंद केलं आणि सकाळच्या गाडीनं कर्जतला येऊन लोकलनं नेरळला गेलो. शनिवार होता.

अब्बा तेव्हा निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. ओट्यावर बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. फाइल सिस्टीम त्यांना काय कळणार असं मला वाटलं होतं, पण मी गोळा म्हणून सांगत गेलो आणि ते मध्ये मध्ये बरोबर प्रश्न विचारत गेले.

"आधी गाड्या उभ्या राहत होत्या?"

"हो."

"आणि तू त्या सोडल्यास."

"हो."

"उभी गाडी कुणाला मारत नाही," अब्बा म्हणाले. "लोक शिव्या देतात, तेवढ्या ऐकायच्या."

मग बराच वेळ गप्प राहून त्यांनी मला त्या ईदची गोष्ट सांगितली. आदल्या रात्री एक मालगाडी न थांबता जायची होती. ती गेली की त्यांची ड्युटी संपणार, आणि मागून येणाऱ्या पॅसेंजरनं ते दौंडला, तिथून घरी येणार. मालगाडी आली, ड्रायव्हरनं रिंग पुढं केली, अब्बांनी दंड घातला. पाऊस होता. रिंग निसटली, इंजिनाच्या पायरीला अडकली आणि गाडीबरोबर अंधारात गेली. गोळा यंत्रात पडला नाही म्हणजे मागचा टप्पा बंद. मागची पॅसेंजर मागच्या स्टेशनात उभी. त्याच गाडीनं अब्बांना घरी यायचं होतं. कागदावर परवानगी देऊन गाडी सोडायची सोय होती, पण तिला वेळ लागणार, आणि गोळा सापडेपर्यंत यंत्र बंदच राहणार. अब्बा कंदील घेऊन रुळाच्या कडेनं चालत गेले. दोन मैलांवर बाभळीच्या झुडपात रिंग सापडली. ती घेऊन परत आले. गोळा यंत्रात पडला तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते.

"मास्तरांनी विचारलं, ड्रायव्हरनं नीट दिली नाही का? ते मला वाचवायलाच बघत होते. ड्रायव्हर तर कुठल्या कुठं गेलेला. मी म्हणालो, नाही साहेब, माझ्या हातून निसटली."

"मग?"

"मग काय, लेखी ताकीद मिळाली. फायलीत असेल अजून."

"आणि ईद चुकली."

"ईद दर वर्षी येते," ते म्हणाले. आणि मग मला विचारलं, "तू सांग. गोळा परत केला का?"

सोमवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं. कोणती ओळ, कोणत्या तारखेची, कोणाची. माझ्या पोटात गोळा आला होता. खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, ग्राहकाला काय कळवायचं? मी म्हणालो, जे झालं ते. त्या वर्षी माझी बढती राहिली. माझ्या नावावरून कोणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. सातारचा पोरगा संध्याकाळी चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. दोघांचे चहाचे पैसे मात्र त्यानं दिले.

त्या अकरा फायली परत आल्या नाहीत, ही गोष्ट कबुलीनं पुसली जात नाही. ती माझ्याकडं राहिली.

पुढं मला कळलं की या वाटेवर मी एकटा नव्हतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली लिनक्सच्या सहा फाइल सिस्टीममधले आठ वर्षांतले 5079 बदल तपासले. सापडलेल्या चुकांपैकी साधारण पाचवा हिस्सा याच जातीचा निघाला. 2016 साली तर लिनक्सच्या गाभ्यात नऊ वर्षांपासून असलेली एक फट उघडकीला आली. फक्त वाचायला परवानगी असलेल्या फाइलमध्येही तिच्यातून लिहिता येत होतं. जगातल्या उत्तम माणसांच्या नजरेखालून ती नऊ वर्षं निसटली. आज मदतीला साधनं आहेत. गोळे उलट्या क्रमानं उचलले तर इशारा देणारं साधन लिनक्समध्ये 2006 पासूनच आहे. आमच्या त्या यंत्रावर ते चालू केलेलं नव्हतं, कारण त्यानं वेग कमी होतो. वेगाचा हिशोब नेहमी आधी होतो, थांबण्याची किंमत आपण नंतर मोजतो.

नव्या मुलांना शिकवताना मी चार गोष्टी सांगतो. गोळे ठरलेल्या क्रमानंच घ्या. हातात असताना थोडंच काम करा. काम फसलं, मध्येच परतावं लागलं, तरी परतीच्या प्रत्येक वाटेवर गोळा ठेवून जा. आणि एकदा हातातून सोडला असेल, तर पुन्हा घेतल्यावर पुन्हा बघा. इंग्रजी पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. आमच्या घरात याला एकच शब्द होता, अमानत. वस्तू आपली नाही, थोड्या वेळासाठी आपल्या हातात आहे, आणि तिच्यासाठी मागं कोणाची तरी गाडी उभी आहे.

माथेरानची गाडीही या काळात अनेकदा उभी राहिली. 2005 च्या जुलैतल्या पावसानं रूळ वाहून गेले, गाडी पुन्हा धावली ती 2007 साली. 2016 च्या मे महिन्यात डबे घसरले, तेव्हा बंद झाली. 2019 च्या पावसानं पुन्हा मार्ग तोडला, तो 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जोडला गेला. प्रत्येक वेळी नेरळमधले दुकानदार, घोडेवाले, हमाल कुरकुरले, आणि त्यांची कुरकुर खरीच होती, पोटाचा प्रश्न होता. अब्बा मात्र म्हणायचे, "नीट करू देत. घाई नको."

अब्बा 2017 साली गेले. तेव्हा गाडी नेरळहून सुटत नव्हती. त्यांची पत्र्याची ट्रंक आम्ही भावंडांनी उघडली. रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी काहीतरी निघतंच, शिट्टी, झेंडी, कंदील. नातवंडांना आठवण म्हणून द्यायला मी काहीतरी शोधत होतो. रेल्वेची एकही वस्तू निघाली नाही. अम्मी दारात उभी होती. ती म्हणाली, "काय शोधतोस? त्यांनी सगळं परत केलंय."